मार्चअखेरच्या आधी, पण घाईने नव्हे

लातूर,
१० जानेवारी २०२६

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पतसंस्थेचा प्रोग्रॅम ज्या जँगो या वेब-प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यावर उभा आहे, त्याच्या ४.२ आवृत्तीवरून तो थेट ६.० वर न्यावा काय, असे तू परवा फोनवर विचारलेस, तेव्हा आडतीवर तुरीची मापे चालू असल्याने नीट बोलता आले नाही. माझे मत ५.२ वर जाण्याचे आहे, आणि तेही फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात.

आडतीच्या पट्टीचा प्रोग्रॅम मी २०१८ साली ऐन दसऱ्याच्या तोंडावर १.११ वरून २.० वर नेला, हे तुला आठवत असेल. जँगो ज्या पायथॉन या संगणकभाषेत लिहिले आहे, तिची तिसरी आवृत्ती २.० ला लागत असल्याने पायथॉन २ सोडावे लागले. पायथॉन २ मध्ये ६२.५० रुपयांचे पूर्णांकात ६३ होत. पायथॉन ३ बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून ६२ होऊ लागले. ६१.५० चे मात्र दोन्हीकडे ६२च, त्यामुळे चूक काही पट्ट्यांत दिसे आणि काहींत दिसत नसे. मुकादमाने आठवड्याच्या हमालीची स्वतःची वही पुढे केली, तेव्हा कुठे ती सापडली. सोयाबीनच्या गाड्या दारात खोळंबलेल्या असताना मी पट्ट्या हाताने लिहीत बसलो. कष्टकऱ्यांच्या मजुरीत माझ्या घाईने तूट आली, हे अजून बोचते.

६.० नुकतीच डिसेंबरात आली असून तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२७ पर्यंतच मिळतील; ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असल्याने तिला त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळतील, शिवाय तिला येऊन पाऊण वर्ष झाल्यामुळे सुरुवातीच्या बऱ्याच चुका निस्तरल्या गेल्या आहेत. मात्र ४.२ वर बसून राहणेही बरे नव्हे. तिची मुदत येत्या एप्रिलमध्ये संपते, आणि त्यानंतर सापडलेले भगदाड कोणी बुजवणार नाही. तिथे तर लोकांच्या ठेवी आहेत. मार्चमध्ये ताळेबंदाची धांदल असते, त्या महिन्यात कशालाही हात लावू नकोस.

आधी ४.२ वरच, पुढे बंद होणाऱ्या गोष्टींबद्दलचे सगळे इशारे चालू ठेवून चाचण्या चालव, मग ५.० आणि ५.१ अशा पायऱ्यांनी वर जा. एक गोष्ट जरूर तपास. वेळक्षेत्राची यूएसई-टीझेड (USE_TZ) ही सेटिंग तुमच्या फाइलमध्ये लिहिलेली नसेल, तर ५.० पासून ती आपोआप चालू धरली जाते आणि वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठू लागते. मग रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या नोंदीची तारीख कोडने तशीच उचलली, तर ती आदल्या दिवसाची येते. तुमची व्याजआकारणी मध्यरात्री चालते, असे तूच सांगितले होतेस.

मागच्या मार्चअखेरचा डेटा घेऊन दोन्ही आवृत्त्यांवर व्याज काढ आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पैशापर्यंत ताळा जुळव. एका खात्यातही फरक दिसला तर त्याच रात्री मला फोन कर, मी जागा असेन.

तुझे,
बाबा