बालवाडीच्या बाईंना, कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून

बाई, नमस्कार.

जूनमध्ये तुम्हाला फाटकापाशी गाठून मी म्हणालो होतो, "गोष्टी पुरे, अक्षरं गिरवून घ्या." त्याची आधी माफी मागतो, मग आभार.

आमचं बारकं दुकानाच्या काउंटरवरच वाढलं. बापानं गल्ल्यात हात घातला की पैसा निघतो, एवढंच त्याला ठाऊक. दहाचं एक नाणं दिलं की रडायचं, रुपयाची चार दिली की खूश! या वयात पोरं नाणी मोजतात, किंमत नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

मग तुमच्या गोष्टीतला उंदीरमामा आला. दहा रुपये घेऊन जोतिबाच्या यात्रेला निघालेला, डोक्यात फक्त भिरभिरं. वाटेत फुगेवाला, पिपाणीवाला. खिशाकडं हात गेला की गडी दोन्ही हात मागं बांधायचा आणि "चांगभलं!" म्हणत पुढची पायरी चढायचा. नेमकं पिपाणीपाशी आणून तुम्ही थांबलात, "उरलेलं उद्या." काय छळ हो! रात्री पोरगं मला विचारतंय, घेतली काय पिपाणी? मला तरी काय माहीत.

पण उद्या म्हणजे उद्याच. घसा बसला होता त्या दिवशीसुद्धा तुम्ही गोष्ट पुढं नेलीत.

पालकसभेत तुम्ही अमेरिकेतल्या रोचेस्टरचा, २०१३ साली छापून आलेला प्रयोग सांगितलात. २८ पोरं. ज्या मोठ्या माणसानं आधी शब्द पाळला, त्याच्या भरवशावर पोरं जादा खाऊसाठी सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यानं मोडला, त्याच्यापुढं जेमतेम ३. मी मान खाली घातली. "रविवारी जोतिबाला नेतो" हे मी तीनदा बोललो होतो आणि तिन्ही रविवारी दुकानातच होतो. अंबाबाईला गर्दी म्हणजे आम्हाला गिऱ्हाईक.

परवा रंकाळ्यावर फुगेवाला दिसला. मी पाकीट काढतोय तोवर यानं हात पाठीमागं बांधले आणि जोरात ओरडला, "चांगभलं!" फुगेवालाही हसला. (पुढं आईस्क्रीमच्या गाडीपाशी लोळण घेतली, ते सोडा.)

घरी आता मातीचा गल्ला आहे. तो भिरभिऱ्यासाठी, डोंगरावर जायच्या सकाळी फोडायचा. "रविवारी दुकान बंद" ही पाटी मी बुधवारीच लावली. बारकं रोज येऊन ती जागेवर आहे का बघून जातं.

तुमचा,
बारक्याचा बाप