लग्न टस्कनीतलं, गोष्ट गुहागरच्या घराची

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर अर्धा वेळ "ऐकू येतंय का" यातच जातो आणि उरलेलं बाबांच्या कानाच्या मशीनमध्ये अडकतं, म्हणून हे पत्र लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. आईला लग्नाचं सगळं साग्रसंगीत ऐकायचंय आणि गुहागरचं घर पुण्याच्या गृहस्थांना विकावं का, याबद्दल बाबांना माझं मत हवंय. दोन्ही एकाच पत्रात लिहिते. का, ते पुढे कळेलच.

आधी लग्न. नवरी म्हणजे माझी आइंडहोवनची मैत्रीण. आपल्याकडे आली होती तेव्हा आईच्या हातचे घावणे खाताना जिला थांबायचं भान राहिलं नव्हतं, तीच. ती डच, नवरा डच, दोघांची घरं हॉलंडात, आणि लग्न इटलीत, टस्कनीतल्या एका शेतावर. आई, तुझा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: तिथे दोघांचंही कुणी नाही, तर मग तिथे कशाला? एक कारण ऊन. हॉलंडात सप्टेंबरच्या शेवटी अंगणात मांडव घालण्याचं धाडस कुणी करत नाही. दुसरं कारण तिनं मला हळूच सांगितलं. लग्न लांब ठेवलं की यादी आपोआप आटोपते. ज्यांना खरंच यायचंय ते येतात, आणि ज्यांना बोलवायचं नव्हतं ते "फार लांब हो" म्हणून स्वतःच सुटका करून घेतात. पन्नासेक माणसं होती. आपल्याकडे एवढी तर वाङ्निश्चयालाच असतात.

शेजारच्या काकूंना सांगायचं असेल तर सांग, की विराट-अनुष्काचं लग्न २०१७च्या डिसेंबरात जिथे झालं ते बोर्गो फिनोक्किएतो याच भागात, बुओनकोन्व्हेन्तो गावाजवळ आहे. ती अख्खी वस्तीच्या वस्ती भाड्यानं मिळणारी श्रीमंती जागा. आमचं लग्न त्यामानानं साधं होतं, पण या भागाची हवा अशी की साधं काही केलं तरी ते उंची दिसतं.

फ्लोरेन्सला उतरून गाडीनं सिएना, आणि तिथून दक्षिणेला वाल दोर्चा. २००४ पासून हे अख्खं खोरं युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. एखादा किल्ला किंवा देऊळ नव्हे, शेतांसकट सगळं खोरं. फोटोंत दिसतात त्या हिरव्यागार टेकड्या एप्रिल-मेमधल्या, गहू उभा असतानाच्या. आम्ही गेलो तेव्हा सगळं नांगरून टाकलेलं होतं. चिकणमातीची करडी-तपकिरी जमीन आणि त्यात डोक्याएवढी ढेकळं. काही पाहुणे हिरमुसले. बाबा, तुम्ही असतात तर गाडी थांबवून एक ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहिलं असतंत. टेकडीच्या माथ्यावर एकेक घर, आणि तिथवर जाणारा पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, दुतर्फा सायप्रस. रस्त्याची धूळ इतकी की नवरीच्या आजीनं मोटारीतून उतरल्यावर आधी बूट पुसले.

लग्न नोंदणी पद्धतीचं होतं, पण आपल्या रजिस्ट्रार ऑफिससारखं सह्या करून मोकळं होणारं नाही. इटलीत हे लग्न गावचा महापौर किंवा त्यानं नेमलेला माणूस लावतो, खांद्यावरून हिरवा-पांढरा-लाल पट्टा घालून. जागाही नगरपालिकेनं मान्य केलेलीच लागते. परदेशी माणसाला आपल्या देशाकडून "या लग्नाला हरकत नाही" असा दाखला आणावा लागतो, दोन साक्षीदार लागतात, आणि भाषा येत नसेल तर दुभाषा. मग महापौर सगळ्यांसमोर त्यांच्या नागरी कायद्यातली तीन कलमं मोठ्यानं वाचतो: १४३, १४४ आणि १४७. ती वाचल्याशिवाय लग्न लागत नाही.

आई, ही कलमं तू ऐकायला हवी होतीस. नवरा-बायकोचे हक्क सारखे आणि कर्तव्यं सारखी. घरासाठी दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावायचा, आणि त्यात बाहेरचं काम आणि घरातलं काम दोन्ही धरायचं, असं चक्क कायद्यात लिहिलंय. कुठे राहायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. मुलांना वाढवताना त्यांचा कल आणि त्यांच्या इच्छा लक्षात घ्यायच्या. दुभाषी बाई हे वाचत होती तेव्हा नवरदेवाचे वडील जमिनीकडे बघत होते आणि त्याची आई थेट त्यांच्याकडे. मला हसू आवरेना.

सह्या झाल्या आणि बाहेर पडल्यावर दोघांवर तांदूळ उधळले! होय, तांदूळच. ही इटलीतलीच रीत आहे. कुंकू नाही, हळद नाही, मंगलाष्टकं नाहीत, आणि नेम धरून नवऱ्याच्या तोंडावर मारायची पद्धत मात्र अगदी आपल्यासारखी. मी ओंजळीतून एकदा हलकेच टाकले, तर नवरीचा भाऊ म्हणाला, "एवढेच?" मुहूर्ताचीही गंमत ऐक. तिथे जुनी माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करू नये म्हणतात, प्रवासालाही निघू नये म्हणतात. आणि परतताना प्रत्येकाला जाळीच्या पुरचुंडीत साखरेचं कवच चढवलेले पाच बदाम मिळाले. सुल्मोना नावाच्या गावचे त्यात नावाजलेले. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य, अशा पाच मागण्या. संख्या विषमच हवी, म्हणजे दोघांत वाटणी होत नाही.

नवरीचा पोशाख हस्तिदंती रंगाचा, साध्या रेशमाचा, एकही खडा नाही. केसांत ऑलिव्हची बारीक डहाळी. स्टेज नाही, सिंहासनासारख्या खुर्च्या नाहीत, ड्रोन नाही. अंगणात एकच लांबच लांब टेबल, पांढरं लिननचं कापड, मेणबत्त्या, आणि सगळे एकमेकांसमोर. फार देखणं होतं. तरी मनातलं सांगते: आग्रह नव्हता. पानात काय वाढलं तेच. "अजून एक घ्या" म्हणत मागे लागणारं कुणी नाही, आणि तेवढ्यापुरतं मला ते लग्न जरा कोरडं वाटलं.

उपाशी राहिले नाही. पिची म्हणून हातानं वळलेल्या जाड शेवयांसारखा पास्ता असतो, नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा, त्यावर टोमॅटो आणि भरपूर लसूण. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं चीज. पाव मात्र अळणी! टस्कनीत पावात मीठच घालत नाहीत. शेवटी पापुद्र्यांचा केक, तोही सगळ्यांसमोर थर लावून बनवला. ज्यांना चालतं त्यांनी बीफ खाल्लं. मी माझ्या पिचीपाशी बसून राहिले.

आता बाबा, तुमच्या कामाचं.

लग्न झालं ते घर दगडी, दुमजली, बाहेरून जिना. खालच्या मजल्यावर एक लांब दालन, विटांच्या कमानींचं. पाऊस आला तर जेवणं तिथे होणार होती. पाहुणे त्या कमानींचे फोटो काढत होते. मी घराच्या मालकिणीला विचारलं, हे पूर्वी काय होतं? ती साठीची बाई, इंग्रजी मोडकं, भाची मदतीला. म्हणाली, गोठा. खाली पांढरे किआनिना बैल, वर माणसं. जनावरांची ऊब थंडीत वर चढायची, म्हणून स्वयंपाकघरही वर. तिचे आजोबा याच घरात राहायचे, पण घर त्यांचं नव्हतं आणि जमीनही नव्हती. ती सिएनाच्या मालकाची. गहू, द्राक्षं, ऑलिव्ह, वासरं, सगळ्यातला अर्धा वाटा मालकाचा. हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याकडे. वर सणावाराला कोंबड्या आणि अंडी पोहोचती करायची.

म्हणजे अर्धेली. बाबा, मी तिथे उभ्या उभ्या आपल्या आजोबांना ऐकत होते. शेकडो वर्षं टस्कनीची शेती अशीच चालली. एका घरात दहा-पंधरा माणसं, कारण जेवढे हात तेवढी जमीन. आणि कित्येक ठिकाणी करारातच अट असायची की घरातल्या कुणाचं लग्न मालकाच्या परवानगीशिवाय ठरवायचं नाही. नवी सून म्हणजे एक खाणारं तोंड आणि दोन राबणारे हात, त्याचा हिशेब मालक करणार. त्याच अंगणात दोन परक्या माणसांनी आपल्या मर्जीनं लग्न लावून घेतलं आणि त्याचे पैसे त्या कुळाच्या नातीला मिळाले. हे तिलाच सुचलं, मला नाही. सांगताना ती हसत होती.

इटलीत १९६४च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद केले. पण तोवर माणसं थांबली नव्हती. पन्नास-साठच्या दशकांत घरंच्या घरं रिकामी झाली. कुणी पोज्जिबोन्सीच्या फर्निचर कारखान्यांत, कुणी फ्लोरेन्सला. मागे छपरं कोसळली. पुढे इंग्रज, जर्मन, स्विस लोकांनी ती पडकी घरं विकत घेतली, पोहण्याचे तलाव केले. शेजारच्या टेकडीवर असं एक घर आहे. नुसतं चित्र. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या खिडक्या बंद असतात, आणि भोवतालची जमीन कंत्राटदार येऊन नांगरून जातो.

मला एक गोष्ट सलते. त्यांची माणसं गेली ती जमीन त्यांची नव्हती म्हणून. आपली तर झाली होती. १ एप्रिल १९५७, कूळकायदा, आजोबा मालक. कुळानं जमीन विकत घेतल्याचं ३२ म चं प्रमाणपत्र तुम्ही अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलंय. आणि तरी आपण गेलोच. तुम्ही चिपळूणला, काका लालबागला, मी तर कुठल्या कुठे. याला कायदा कमी पडला असं म्हणता येत नाही. पाणी, रस्ता, पगार, शाळा हे सगळं दुसरीकडे होतं.

त्या बाईच्या वडिलांनी कर्ज काढून ते घर आणि लगतची जमीन विकत घेतली. ऑलिव्ह आणि गहू तिनं चालूच ठेवलेत, कारण शेती सोडली तर पाहुणे ठेवता येणार नाहीत. इटलीत १९८५ पासून शेतावरच्या पर्यटनाचा राष्ट्रीय कायदा आहे, २००६ मध्ये तो नव्यानं केला. त्याचं मर्म एवढंच: हे फक्त शेतकऱ्यानं करायचं, आणि मुख्य काम शेतीचं राहिलं पाहिजे. पाहुण्यांचा व्याप शेतीपेक्षा मोठा झाला तर परवान्यावर गदा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डोळे चोळत कॉफी शोधत होतो, तेव्हा ती द्राक्षं काढायला केव्हाच गेलेली होती.

म्हणून माझं मत: पुण्याच्या त्या गृहस्थांना घर विकू नका. ते म्हणतात जुनं रूप तसंच ठेवू, पडवी ठेवू, ओटीवरचा झोपाळाही ठेवू. ठेवतील, मला शंका नाही. पण मग शेजारच्या टेकडीवरच्या घराची गत होणार. मी स्वतः तिथे येऊन राहणार आहे असं खोटं आश्वासन मी देत नाही. दादाही राहणार नाही. राहणारा एकच आहे, आणि तो म्हणजे आपला गावातला चुलतभाऊ, जो आजही कलमांना खत घालतो, फवारणी करतो आणि ज्याला आपण वर्षाला दोन पेट्या आंब्यांच्या बोलीवर राबवून घेतो. बाबा, रागावू नका, पण सिएनाचा मालक निदान अर्धा वाटा तरी द्यायचा.

त्याच्याशी कागदावर करार करू. पडवीच्या बाजूच्या दोन खोल्या आणि एक संडास-बाथरूम नीट करायचं, कौलं उतरवून नवी चढवायची. त्याचे पैसे मी घालीन. पाहुणे त्यानं आणि वहिनीनं बघायचे, मिळकतीतला मोठा वाटा त्यांचा. आपल्याकडेही २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. फार पैसे मिळतील अशा भ्रमात मी नाही. पावसाळ्यात कुणी येणार नाही, आणि आईनं तिथे जाऊन पन्नास माणसांचं रांधायचं नाहीये, हे आत्ताच सांगून ठेवते.

तोवर तुम्ही एवढंच करा. दिवाळीपर्यंत कुणाकडून इसार घेऊ नका, अगदी तोंडी शब्दसुद्धा देऊ नका. तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा आणि त्यावर कूळकायद्याच्या कलम ४३चा, म्हणजे जमीन विकण्यावरच्या बंधनाचा शेरा अजून आहे का ते बघा. घेणारा स्वतः शेतकरी आहे का, हेही त्या गृहस्थांना सरळ विचारा. लालबागच्या काकांशी तुम्हीच बोला, माझ्याकडून कळलं तर त्यांना लागेल. मी डिसेंबरात येतेय, तेव्हा आपण सगळे एकदा घरी जाऊन येऊ.

आणि गोठ्याचं छप्पर उतरवायचं ठरलंच, तर वासे कुणाला विकू नका. सगळे सागाचे आहेत, पडवीला लागतील.

तुमची,
धाकटी