पील कशाचे, किती टक्के, किती मिनिटे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्ने लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि पार्लरच्या काचांवर ‘मुरमांचे डाग आणि खड्डे तीन सिटिंगमध्ये गायब’ अशा जाहिराती झळकू लागतात. हे काम ‘पील’ने, म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून, करतात. पण पील कोणत्या आम्लाचे, हे त्यांत कुठेच लिहिलेले नसते. गिऱ्हाइकही विचारत नाही. वास्तविक विचारायचे ते तेवढेच आहे.

आधी डाग आणि खड्डे वेगळे करू. मुरूम बसल्यावर राहणारा तपकिरी किंवा तांबूस डाग सपाट असतो, बोट फिरवले तर हाताला लागत नाही. खड्डा म्हणजे आतल्या थरातले कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) नष्ट होऊन त्वचा खाली बसलेली असते. हलके पील वरच्या थरापुरते, फार तर त्याच्या लगेच खालपर्यंत पोहोचते. त्याने बुजलेली रंध्रे मोकळी होतात, बारीक मुरमे कमी होतात, डाग फिके पडतात. खड्डा भरत नाही, मग सिटिंग तीन असोत की तेरा. अरुंद आणि खोल खड्ड्यांसाठी ६५ ते १०० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टूथपिकसारख्या टोकाने फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. ते चेहऱ्यावर पसरायचे नसते आणि ते हलके पीलही नव्हे. उथळ, लाटांसारख्या खड्ड्यांत त्वचेखालचे ताणलेले धागे सुईने सोडवावे लागतात, किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे), फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी दिलेला लेझर) करावे लागते. मुरमांवरही पील हा जोडउपचारच. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मुरमांसाठी पीलची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले आहे. ॲडापॅलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरमांवरची औषधे लावून ८ ते १२ आठवडे धीर धरायचा, हे मुख्य काम. ते सोडून नुसती सिटिंग घेत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणे.

आता आम्ले. तेलकट, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चेहऱ्याला २० ते ३० टक्के सॅलिसिलिक आम्ल सर्वांत सोयीचे, कारण ते तेलात विरघळते आणि रंध्रात उतरते. लावल्यावर एक-दोन मिनिटांत चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. ती भाजल्याची खूण नाही. अल्कोहोल उडून मागे राहिलेले आम्लाचे स्फटिक आहेत. ते बसले की आम्ल आत जाणे जवळपास थांबते, म्हणून ३ ते ५ मिनिटांनी पाण्याने धुतले की पुरते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र ते टाळायचे. पाठ, छाती आणि चेहरा एकाच दिवशी करू नये. जास्त आम्ल रक्तात गेले तर कानात आवाज येतो, चक्कर आणि मळमळ होते.

ग्लायकोलिक आम्लाचा स्वभाव उलटा. ते आपणहून थांबत नाही. सुरुवात २० ते ३५ टक्क्यांनी, १ ते ३ मिनिटे, घड्याळ समोर ठेवून. त्वचा एकसारखी लालसर झाली की सोडियम बायकार्बोनेटच्या (खाण्याच्या सोड्याच्या) द्रावणाने ते मारायचे, म्हणजे निष्प्रभ करायचे, आणि फेस येणे थांबेपर्यंत मारत राहायचे. एखाद्या जागी करडा-पांढरा ठिपका उमटला तर मिनिटे पुरी व्हायची वाट पाहायची नाही. तिथे वरचा थर सुटू लागलेला असतो. हाच पांढरेपणा सॅलिसिलिकमध्ये निरुपद्रवी आणि इथे धोक्याचा, म्हणून आम्लाचे नाव माहीत नसलेल्या माणसाच्या हाती ब्रश देऊ नये. शिवाय ‘७० टक्के’ हा आकडा एकटा अपुरा आहे. पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल जहाल. पीएच ३.८ च्या आसपास या आम्लाचा निम्माच भाग मोकळा, म्हणजे त्वचेत शिरू शकणारा, असतो. पीएच १ च्या खाली जवळपास सगळाच. दोन बाटल्यांवर टक्केवारी एकच, पण एकीने चुरचुरेल आणि दुसरीने भाजेल.

मॅन्डेलिक आम्लाचा रेणू मोठा, ते सावकाश शिरते. सावळ्या आणि नाजूक त्वचेला ३० ते ४० टक्क्यांनी सुरुवात करायला ते बरे.

आपल्याकडच्या बहुतेक त्वचा गव्हाळ ते सावळ्या. अशा त्वचेला थोडी जरी इजा झाली की ती रंगद्रव्य ओतून उत्तर देते. पील झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी उमटणारे काळे चट्टे मूळ डागापेक्षा गडद असतात आणि जायला महिने घेतात. ते टाळण्याचे काम पीलच्या आधीच सुरू होते: दोन ते चार आठवडे रोज सनस्क्रीन आणि रात्री डॉक्टरने दिलेले ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासूनचे औषध) किंवा सौम्य ग्लायकोलिक क्रीम. ट्रेटिनॉइन पीलच्या तीन ते सात दिवस आधी बंद. त्या आठवड्यात ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, स्क्रब काही नको. ‘ब्लीच आणि पील एकत्र’ हे पॅकेज कोणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे, पण चट्टे आणायचे असतील तर याहून सोपा मार्ग नाही. ओठावर नागीण फुटलेली असेल तर पील पुढे ढकलायचे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचे. पूर्वी त्या गोळ्या संपल्यावर पीलसाठी सरसकट सहा महिने थांबवत, हलक्या पीलपुरता तो नियम २०१७ पासून सैल झाला आहे, पण निर्णय डॉक्टरचा.

गिऱ्हाइकाने दडपलेली सर्वांत घातक माहिती म्हणजे गोरेपणाची ट्यूब. स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे तिहेरी मिश्रण महिनोन्महिने लावून त्वचा पातळ झालेली असते. त्यावर तेच आम्ल दुप्पट खोल गेल्यासारखे वागते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतातच.

प्रत्यक्ष करताना चेहरा धुऊन ॲसिटोन किंवा स्पिरिटने तेल काढतात, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांवर व्हॅसलीन लावतात, डोके उंच ठेवतात. कपाळापासून सुरुवात, मग गाल, नाक, हनुवटी. भिजलेला बोळा डोळ्यांवरून कधी नेऊ नये आणि सलाइनची बाटली हाताशी हवी. पहिल्या खेपेला कानामागे चाचणी. दोन सिटिंगांत किमान दोन आठवडे. चार ते सहा सिटिंग पुष्कळ झाली.

नंतर कोंड्यासारखी साल निघते ती ओढायची नाही. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, तेही दोन बोटांच्या लांबीइतके. दुचाकीवर ओढणी गुंडाळल्याने ते माफ होत नाही. लग्न असेल तर शेवटचे पील तीन-चार आठवडे आधीच उरकावे. ताज्या पीलवर हळद चोळली तर नवरीला रडायला पाठवणीची वाट पाहावी लागणार नाही.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच पीलसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, आणि ती हे काम प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाकडे सोपवतात. तेव्हा विनंती अशी की अशी जाहिरात छापताना आम्लाचे नाव, टक्केवारी आणि करणाऱ्याची पदवी आपण मागावी. ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्यांना तर हेही बंधन नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जास्त तीव्रतेची पील देखरेखीशिवाय घरी वापरू नका, असा इशारा दिला होता.

तरीही घरी कोणाचा चेहरा भाजलाच, तर लगेच साध्या वाहत्या पाण्याने १५-२० मिनिटे धुवावा. कोरडा खाण्याचा सोडा, लिंबू, टूथपेस्ट चोळू नये, बर्फ घासू नये. डोळ्यात गेले असेल तर डोळा धूत धूतच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. फोड आले, त्वचा पांढरी पडली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि जाताना ती बाटली बरोबर न्यावी.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, पुणे