गच्चीवर तुम्ही बंद केलेला व्हेंट पाइप आणि कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळचा फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

बी विंग, सदनिका 503, तुम्हीच बांधलेली. ताबा 2023 चा. यंदा मे महिन्यात तुमच्या माणसांनी गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले आणि आठवड्याभरात आमच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यातून, सडक्या अंड्यांसारखा वास सुरू झाला. वर कुणी फ्लश केला की ट्रॅप गुडगुडतो. पहाटे पाचला वरच्या घरी जाग येते, आणि त्या आवाजाने माझ्या सासूबाई उठतात. त्यांना दमा आहे. त्या तोंडावर पदर धरून बसतात आणि मी खिडक्या उघडत फिरते.

तुमचे पहिले उत्तर होते: ट्रॅप सुकला असेल, दोन तांबे पाणी ओता. महिनाभर बंद असलेल्या घराला हे ठीक आहे. आमच्याकडे त्या बाथरूममध्ये रोज चार माणसे आंघोळ करतात. तरी ओतले. ट्रॅप काठोकाठ भरून पातळीवर पेन्सिलीने खूण केली. सकाळी पाणी त्या खुणेच्या साडेपाच सेंटिमीटर खाली होते. वास अडवणारे पाणी असते 50 मिलिमीटर, म्हणजे आडोसा उरलाच नव्हता. जुलैच्या दमट हवेत एका रात्रीत एवढे पाणी सुकत नाही. ते ओढले जाते.

दुसरे उत्तर: लाइन चोकअप आहे. तुमचा प्लंबर दोनदा आला, दोन्ही वेळा ॲसिड ओतून गेला. पाणी तर झरझर उतरते हो! चोकअप असता तर मोरीत तुंबले नसते का?

आता कालचे. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्याकडे मासळी होते का?"

मी म्हटले, "होते."

"मग तेच असणार. मासे धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका."

मी म्हटले, "अहो, वास पहाटे पाचला येतो. आम्ही पहाटे पाचला मासे धुतो का?"

त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्या सवयी आम्हाला कशा माहीत असणार?" आणि तक्रार बंद केली. दहा मिनिटांत मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या.

हे सासूबाईंनी शेजारी बसून ऐकले. जन्म कोकणात गेला त्यांचा. "आपल्यामुळे वास येतो म्हणतात का गं?" असे त्यांनी मला विचारले. सदनिकेचे पैसे मोजले तेव्हा आमच्या ताटात काय असते ते तुमच्या कुणी विचारले नव्हते. आणि माहितीसाठी सांगते, याच लाइनवर 703 मध्ये जैन कुटुंब राहते. त्यांच्या घरी कांदा-लसूणही येत नाही. त्यांच्या बाथरूममध्ये हाच वास आहे.

कारण गच्चीवर आहे. रविवारी मी सोसायटीच्या प्लंबरला घेऊन वर गेले. ए विंगचे व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला वरून हवा देणारे पाइप, जाळीची टोपी घालून उभे आहेत. बी विंगच्या आमच्या लाइनचा 110 मिलिमीटरचा पाइप जमिनीलगत कापून त्यावर एंड कॅप चिकटवली आहे आणि वरून वॉटरप्रूफिंगचा थर दिला आहे. फोटो सोबत जोडले आहेत. खाली येऊन त्याने ट्रॅपवर अगरबत्ती धरली आणि 703 मध्ये फ्लश करायला सांगितले. धूर सरळ ट्रॅपमध्ये ओढला गेला. पाइपमधून पाणी कोसळते तेव्हा मागून हवा लागते. वरून ती मिळाली नाही, तर लाइन आमच्या ट्रॅपमधले पाणी ओढून घेते, आणि मग गटाराचा वायू मोकळा घरात. इमारती बांधणाऱ्यांना हे मी सांगायचे?

कॅप आम्हीच कापली असती. पण गच्चीला दुसऱ्या कुणी हात लावला तर वॉटरप्रूफिंगची वॉरंटी जाईल, असे तुमच्याच कागदावर छापले आहे.

पाइप पुन्हा वर घ्या. वापरातल्या गच्चीवर तो दोन मीटर उंच हवा, वर काऊल, म्हणजे जाळीची टोपी हवी, बुडाशी सांधा पक्का हवा. आणि ॲसिडची बाटली घेऊन आता कुणाला पाठवू नका. ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कामातला दोष दाखवला, तर तो 30 दिवसांत, एक पैसा न घेता दूर करायचा, असे रेरा कायद्याचे, म्हणजे बिल्डरांवरच्या स्थावर मालमत्ता कायद्याचे, कलम 14(3) सांगते. हे पत्र मिळाल्यापासून दिवस मोजते आहे. एकतिसाव्या दिवशी महारेराकडे, म्हणजे या कायद्याच्या राज्य प्राधिकरणाकडे, तक्रार जाईल. 603 आणि 703 च्या सह्या माझ्याकडे आहेत.

तुमच्या नव्या प्रकल्पात माझ्या भावाने माझ्या शब्दावर बुकिंग केले आहे. तो शब्द दिल्याचे मला आज वाईट वाटते, आणि हे पत्र त्यालाही पाठवते आहे.

मासळीबद्दलची माफी मला नको. ती सासूबाईंची मागा, लेखी, मराठीत. त्या स्वतः वाचतील.

सदनिकाधारक,
503, बी विंग