फॉरमॅट मारण्याआधी नोंद वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरचा संगणक आठवड्यातून दोन-तीनदा अचानक बंद पडू लागला की दुकानातून ठरलेले उत्तर येते, ‘विंडोज मारून घ्या,’ म्हणजे सी ड्राइव्ह फॉरमॅट करून (पुसून) विंडोज नव्याने टाका. त्यात फोटो, सोसायटीचा हिशेब, जुन्या मराठी फॉन्टमधली कागदपत्रे पुसली जातात. दोष रॅममध्ये (मेमरीत) किंवा एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये) असेल, तर थोड्याच दिवसांत संगणक पुन्हा पडतो. शिवाय बिघाडाचा पुरावा सी ड्राइव्हवरच असतो. फॉरमॅट मारले की तोही जातो.

हा पुरावा कोणालाही वाचता येतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टीम. संगणक ज्या मिनिटाला पडला त्याच्या आसपासच्या लाल नोंदी पाहा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळजवळ नेहमी सापडते आणि नावात ‘पॉवर’ पाहून अनेक जण पॉवर सप्लाय बदलून टाकतात. ते चूक आहे. संगणक मागच्या वेळी नीट शट डाउन झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. खरी माहिती तिच्या तपशिलातल्या ‘बगचेक कोड’मध्ये असते. तिथे ० असेल तर निळी स्क्रीन (गंभीर चूक झाल्यावर विंडोज दाखवते तो कोडसह संदेश) नोंदवायलाही विंडोजला सवड मिळाली नाही. अशा वेळी वीज, एसएमपीएस, तापमान किंवा संगणक पूर्ण गोठणे यांपैकी काहीतरी पाहावे. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती. मात्र हा आकडा दशमान (नेहमीच्या मोजणीतला) असतो आणि निळ्या स्क्रीनवरचा कोड षोडशमान (सोळाच्या पायाचा, ज्यात १० ला ए लिहितात). म्हणजे नोंदीतला २६ हा स्क्रीनवरचा ‘१ए’, अर्थात मेमरीची तक्रार. जोडीला ‘डिस्क ७’ ही नोंद दिसली तर डिस्कवर खराब ब्लॉक आहे, ‘डब्ल्यूएचईए-लॉगर १८’ दिसली तर हार्डवेअरची गंभीर चूक आहे. या दोन्हींवर फॉरमॅट हा इलाज नाही.

कोड शून्य येत असेल तर आपल्याकडे आधी वीज तपासावी. पावसाळ्यात दिवे क्षणभर मिणमिणतात आणि यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो, ही नेहमीची तक्रार आहे. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, पण आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) म्हातारे झाले की तेवढा दम उरत नाही. तपासणी सोपी आहे. सगळे काम सेव्ह करा, संगणक चालू असताना यूपीएस ज्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला आहे त्याचे बटण बंद करा. यूपीएससकट सगळे विझले तर यूपीएसमधली बॅटरी संपलेली आहे. ती बहुधा दोन-तीन वर्षेच टिकते. यूपीएस चालू राहून संगणक तेवढा पडला, तर संशय एसएमपीएसवर. मल्टिमीटर असेल तर संगणक कामात असताना मोकळ्या कनेक्टरवर मोजा. काळी वायर सामाईक धरून पिवळीवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस सुटला असे मात्र नाही, कारण मिलिसेकंदाचा खड्डा साध्या मीटरला दिसत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून दोन दिवस चालवणे हीच पक्की परीक्षा. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब राहिलेला असू शकतो.

दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅम बघा. ‘मेमटेस्ट८६’ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि चाचणीच्या चारही फेऱ्या रात्रभर चालू द्या. एक चूक निघाली तरी रॅम नापास. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवण्याची सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून पुन्हा चाचणी घ्या, मग रॅमची एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहा. म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा ते कळते. पट्टीचे पाय खोडरबरने घासण्याची रीत सर्वत्र आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे.

डिस्कची तब्येत दाखवणारा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा प्रोग्राम डिस्कसाठी पुरेसा आहे. त्याच्या यादीत सी५ किंवा ०५ (खराब जागांची मोजणी) चे आकडे वाढत असतील तर आधी बॅकअप घ्या, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नंतर. मरणाऱ्या डिस्कला त्या तपासणीचाच ताण होतो. सी७ (माहिती पोचवतानाच्या चुका) वाढत असेल तर डिस्क फेकू नका, बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब असते.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांनी वेगळे लक्ष द्यावे. त्यांतल्या अनेक मॉडेलमध्ये व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त मागितले जाऊन चिप झिजते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून लक्षणे असतील तर वॉरंटीत बदलून मागावा. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजमधल्या, डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर स्वतःच्याच फाइली कुलूपबंद होतील.

हे सगळे निर्दोष निघाले, तरच विंडोजकडे वळावे. तेव्हाही आधी डीआयएसएमचा रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा), मग सर्वात अलीकडे टाकलेला ड्रायव्हर मागे घेणे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे बंद पडण्याचे कारण म्हणून सांगितले तर मानू नका. सुरक्षेचा धोका खरा आहे, पण त्यामुळे संगणक रीस्टार्ट होत नाही.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना कळकळीची विनंती आहे : कोणता कोड आला, कोणत्या चाचण्या किती वेळ घेतल्या, कोणता भाग बदलून पाहिला हे बिलावर चार ओळींत लिहा आणि फॉरमॅटपूर्वी ग्राहकाची लेखी संमती घ्या. ग्राहकांनीही संगणक दुकानात देताना सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला ‘मिनीडम्प’ फोल्डर (निळ्या स्क्रीनच्या वेळी जपलेल्या नोंदी) पेन ड्राइव्हवर कॉपी करून सोबत द्यावा.

आपला,
एक वाचक