कात्री चालवाच, पण कुठे ते पाहून

संपादक महोदय,

मंदी आली की पहिली कात्री कलेच्या अनुदानावर चालते. बचत होते, पण बरीचशी कागदावरच. नाटकाचा खर्च आधी होतो: तालमीची जागा, नेपथ्याचं लाकूड, कपडेपट, दिव्यांचं भाडं. तिकिटाचा पैसा येतो सगळ्यांत शेवटी. मधली पोकळी अनुदानाचा पहिला हप्ता भरतो. तो अडला की प्रयोग लहान होत नाही, रद्द होतो, आणि कापलेलं लाकूड कोणी परत घेत नाही.

यातला मोठा खर्च माणसांचा असतो. सुताराचा, शिंप्याचा, वादकाचा. चार वादकांची रचना आजही चौघांनाच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागते; मेहनताना मात्र इतर धंद्यांबरोबर वाढतच जातो. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच हे दुखणं मांडलं होतं.

अमेरिकेने १९३५ साली, महामंदीतच, चित्रकार, नट, वादक आणि लेखकांना सरकारी रोजगार दिला. कलेला सरकारी अनुदान वाटणारी ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल १९४६ ची, म्हणजे युद्धाने तिजोरी पोखरली होती तेव्हाची.

कपात अटळच असेल तर सरसकट दहा टक्के नको. नव्या वास्तू, उद्घाटनं, पुरस्कारसोहळे (यांना मात्र मंदी कधी दिसत नाही!) पुढे ढकला, चालू तालमींचे हप्ते रोखू नका. आणि पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्या. खर्चाची बिलं पाहून मागाहून पैसे देण्याच्या पद्धतीत अनुदान त्यालाच मिळतं, ज्याच्या खिशात आधीच पैसा आहे. हिशेबाची धास्ती असेल तर शेवटचा हप्ता राखून ठेवा.

— एक नाट्यव्यवस्थापक