घड्याळ लावून लिहिलेली कथा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात नुकतेच एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचले. शहरातील काही वाचनप्रेमी मंडळींनी मे महिन्यात घेतलेल्या अठ्ठेचाळीस तासांच्या कथास्पर्धेवर त्यांनी टीका केली असून, कथा मनात मुरावी लागते, ती घड्याळ लावून आणि दुसऱ्याने हाती दिलेल्या शब्दांवर बेतून लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या स्पर्धेत मी भाग घेतला होता. बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली. माझ्या खात्यावर छापून आलेल्या दोन कथा आणि अर्धवट सोडलेल्या कथांची एक भरलेली वही एवढीच काय ती जमा आहे. तेव्हा साहित्यिक या नात्याने नव्हे, तर स्पर्धक म्हणून जे अनुभवले ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्पर्धेची रीत साधी होती. स्पर्धकांचे सहा गट पाडले होते आणि शुक्रवारी रात्री आठ वाजता प्रत्येक गटाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक चिठ्ठी आली, जिला नवी मुले प्रॉम्प्ट म्हणतात. चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या : कथेचा प्रकार, कथा घडण्याचे स्थळ आणि कथेत आलीच पाहिजे अशी एक वस्तू. रविवारी रात्री आठच्या आत, हजार शब्दांच्या आत, कथा पाठवायची. ही पद्धत आयोजकांनी स्वतः शोधलेली नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. न्यूयॉर्कची ‘एनवायसी मिडनाइट’ ही संस्था २००२ पासून अशा स्पर्धा घेत आली आहे आणि जगभरातून लोक त्यांत उतरतात. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते; ती एकदा त्या स्पर्धेत उतरली होती. तेथील चिठ्ठी शुक्रवारी मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना निघते, म्हणजे अमेरिकेतील उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे शनिवारी सकाळी ९ वाजून २९ मिनिटांनी, आणि मुदत संपते सोमवारी सकाळी त्याच ठोक्याला. सोमवारी नऊ वाजता कथेचा शेवट बदलत बसलेली आणि साडेनऊला ऑफिसच्या मीटिंगमध्ये शिरलेली मुलगी मी पाहिली आहे. तिथला एक नियम मला फार आवडला होता व तो आपल्या आयोजकांनीही उचलला : दिलेली वस्तू कथेत प्रत्यक्ष असावी लागते, नुसता उल्लेख करून सुटका नाही.

माझ्या गटाला आले ते असे : रहस्यकथा, रसवंती, कंपासपेटी.

चिठ्ठी वाचून मी पहिले दोन तास वाया घालवले. रहस्यकथा म्हटले की डोक्यात खून येतो, आणि रसवंतीत खून म्हटले की चरकाखेरीज दुसरे काही सुचत नाही. ते वाचवणार नाही म्हणून सोडून दिले. शेवटी रात्री साडेदहाला, कूलरची टाकी भरून झाल्यावर, यजमानांना घेऊन लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकापासून जरा पुढे असलेल्या एका रसवंतीवर गेले. रसवंतीचे नाव अर्थातच नवनाथांपैकी एका नाथांचे होते. वर्षानुवर्षे आपण तिथे बसून रस पितो, पण चिठ्ठीमुळे मी त्या दिवशी पहिल्यांदा तिथे बघायला बसले. उसाची कांडी चरकातून एकदा जाते, मग चोयटी दुमडून मधे लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा धरून पुन्हा जाते, आणि चाकाला बांधलेली घुंगरे प्रत्येक फेऱ्याला वाजतात. घुंगरे कशाला, असे मी मालकांना विचारले. ते म्हणाले, “काकू, पूर्वी चरक बैलानं फिरायचा, त्याच्या गळ्यातली ही. आता मोटर आली, पण घुंगरू थांबलं की गिऱ्हाईकाला वाटते दुकान बंद झालं.” गल्ल्यामागे त्यांचा मुलगा पुठ्ठ्यावर वही ठेवून बसला होता. सुट्ट्या लागलेल्या असल्यामुळे तो अभ्यास करीत नव्हता, चित्र काढीत होता, पण मला कथा मिळाली. परीक्षेच्या दिवसांत एका रसवंतीच्या चाकावरची घुंगरे रोज एक अशी नाहीशी होऊ लागतात. मालकाचा संशय नोकरावर, शेजारच्या पानठेल्यावाल्यावर आणि शेवटी करणीवर जातो. आणि सगळी घुंगरे सापडतात ती मुलाच्या कंपासपेटीत, कर्कटक आणि गुण्यांच्या खाली, कारण त्या आवाजात त्याला गणिते सुटत नव्हती.

कथा थोर आहे असे मी म्हणत नाही. गटातील बारा कथांत तिचा पाचवा क्रमांक आला आणि तो योग्य होता. पण ती चिठ्ठी आली नसती तर मी ती जन्मात लिहिली नसती, कारण माझ्या मनात मुरत पडलेल्या कथा सगळ्या बँकेच्या आणि सासरच्या आहेत, आणि त्या गेली वीस वर्षे मुरतच आहेत. मुरण्याविषयी त्या ज्येष्ठ वाचकांनी जे लिहिले ते खरे आहे, परंतु लोणचे मुरते ते कैऱ्या चिरून, मीठ-मसाला घालून बरणी भरल्यावर. नुसत्या कैऱ्या टोपलीत ठेवल्या तर त्या सडतात. मुदत आणि चिठ्ठी मिळून माणसाला कैऱ्या चिरायला बसवतात, इतकेच त्यांचे काम.

दुसऱ्याने दिलेल्या शब्दांवर रचना करणे ही परकी खोड आहे असे त्या पत्रातून सूचित होते, ते तर मुळीच पटत नाही. समस्यापूर्ती हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. भोजराजाच्या दरबारातील म्हणून सांगितली जाणारी गोष्ट अनेकांना शाळेपासून ठाऊक असेल : कवींपुढे ‘ठाठं ठठं’ असा निव्वळ निरर्थक आवाजांचा चरण टाकला जातो, आणि उत्तर येते की रामाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला व पायऱ्यांवरून गडगडत गेला, त्याचा हा आवाज. गोष्ट खरी असो वा रचलेली, अशी कसोटी आपल्या लोकांना सन्मानाची वाटत होती हे तिच्यावरून दिसते. तेवढ्या मागे जायचे नसेल तर आपल्या शाळा-महाविद्यालयांतील उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा पाहाव्यात. तिथे मूल चिठ्ठी उचलते, पाच मिनिटे विचार करते आणि बोलते. त्याला आपण हजरजबाबीपणा म्हणतो, उथळपणा म्हणत नाही. आणि संपादक महोदय, आपल्याच कचेरीत रोज रात्री दिवसभराच्या बातमीवर, ठरलेल्या जागेत आणि ठरलेल्या वेळेत अग्रलेख लिहिला जातो, तो वाचूनच आमची सकाळ होते.

शब्दमर्यादेविषयी मात्र एक खरी अडचण आहे आणि तिची चर्चा कुणी केली नाही. आपल्या नागपुरात मराठी आणि हिंदी एकाच ताटात असतात, त्यामुळे या स्पर्धेत दोन्ही भाषांतील कथा घेतल्या आणि मर्यादा दोघांना सारखीच, हजार शब्दांची, ठेवली. संगणक शब्द मोजतो म्हणजे मधल्या मोकळ्या जागा मोजतो. ‘घरासमोरच्या झाडाखालून’ हे मराठीत दोन शब्द झाले. तेच हिंदीत ‘घर के सामने के पेड़ के नीचे से’ असे लिहिले की आठ होतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून मराठी लेखकाला हजार शब्दांत पुष्कळ अधिक सांगता येते. माझ्या गटातील एका हिंदी लेखिकेने याविषयी तक्रार केली, तेव्हा काही जणांनी ती हसण्यावारी नेली. मला ती शंभर टक्के योग्य वाटते. पुढच्या वेळी मर्यादा शब्दांऐवजी अक्षरसंख्येवर ठेवावी, किंवा दोन्ही भाषांचे गट वेगळे करावेत. (जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या दोन कथा परीक्षकांच्या संगणकावर उघडल्यावर नुसत्या खुणा आणि चिन्हे दिसली, तो दोष आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांचा आहे, आयोजकांचा नाही.)

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे वळते.

काही वर्षांपूर्वी मी याच शहरातील दुसऱ्या एका कथास्पर्धेत भाग घेतला होता. तिथे ना घड्याळ होते, ना चिठ्ठी; विषयाचे बंधन नाही, तीन महिने मुदत, म्हणजे त्या ज्येष्ठ वाचकांच्या मनासारखी सगळी व्यवस्था. दोनशे रुपये प्रवेशशुल्क भरून मी कथेच्या तीन प्रती टपालाने पाठवल्या. सात महिने काहीही कळले नाही. मग एके दिवशी समूहावर तीन विजेत्यांची नावे आणि सत्काराचा फोटो आला. माझी कथा कुणी वाचली का, वाचली तर कितव्या पानावर सोडली, तिच्यात काय कमी होते, हे मला आजतागायत माहीत नाही. नंबर न आल्याचे दुःख दोन दिवसांत जाते. कथा एखाद्या विहिरीत टाकल्यासारखी वाटते, ते जात नाही. त्यानंतर चार वर्षे मी काहीही लिहिले नाही.

मे महिन्यातील स्पर्धेत मात्र निकालासोबत प्रत्येक स्पर्धकाला दोन परीक्षकांचे टिपण आले, सहाव्या गटातील बाराव्या क्रमांकाच्या स्पर्धकालासुद्धा. टिपणाचे दोन भाग होते : काय भावले, आणि कशावर आणखी काम व्हावे. ही रीतही त्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेतलीच. माझ्या टिपणातील एक मुद्दा असा : गटातील प्रत्येक वाचकाला कंपासपेटी कथेत येणार हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे ती शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही, ती पहिल्याच परिच्छेदात उघडी टाकावी, मुलाला तिच्यातून कर्कटक काढू द्यावा आणि वाचकाचा संशय तिथेच विझवावा. मी टिपण हाती घेऊन दोन वेळा कथा वाचली आणि ते बरोबर आहे हे पाहून मला थोडा रागही आला. त्यानंतर ती कथा मी नव्याने लिहिली. आता ती तेराशे शब्दांची आहे, घड्याळाविना लिहिलेली आहे, आणि चांगली मुरतही आहे.

त्या पत्रातील एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागेल. अठ्ठेचाळीस तासांत लिहिलेल्या कथा एकसारख्या वळणाच्या होऊ लागतात. आमच्या गटातील ज्या नऊ कथा मी वाचल्या त्यांतल्या चारांच्या शेवटी धक्का होता, एकीत सगळे स्वप्न निघाले, आणि दोन कथांत कंपासपेटी लग्नघरात शिरलेल्या अनोळखी पाहुण्यासारखी कोपऱ्यात अवघडून उभी होती. कादंबरीचा ऐवज असलेला अनुभव अशा स्पर्धेत खर्ची घालू नये, हेही खरे. शिवाय आता यंत्राला चिठ्ठी सांगितली की ते मिनिटाभरात कथा काढून देते, त्यामुळे घरी बसून लिहिण्याच्या स्पर्धेत प्रामाणिकपणावर किती विसंबायचे हा प्रश्न उरतोच. मला यावर एकच उपाय दिसतो : एक फेरी सभागृहात घ्यावी, तीन तास, कागद आणि पेन. परीक्षा म्हणा हवे तर. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा दिलेल्या माणसाला तिची भीती वाटत नाही.

आपल्या मार्फत शहरातील साहित्यसंस्थांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे की त्यांनी अशी स्पर्धा दरवर्षी घ्यावी. १९२३ साली स्थापन झालेल्या आणि शंभरी ओलांडलेल्या विदर्भ साहित्य संघासारखी संस्था या गावात आहे, लिहिणारे हात आहेत, आणि हिवाळ्यात तर कूलरची टाकी भरण्याचेही काम नसते. शुल्क ठेवायचे असल्यास ठेवावे. मात्र ज्याच्याकडून शुल्क घेतले त्याला त्याच्या कथेविषयी किमान दहा ओळी लिहून द्याव्यात आणि निकालाची तारीख प्रवेशपत्रिकेवरच छापावी. दहा ओळी लिहायला परीक्षकांना वेळ नसेल तर स्पर्धकांची संख्या कमी करावी, ओळी कमी करू नयेत. दिवाळी अंकांची परंपरा मराठीत १९०९ पासूनची आहे. आपल्या दैनिकाच्या दिवाळी अंकात अशा स्पर्धेतील दोन-तीन कथा, त्यांच्या चिठ्ठीसह छापता आल्या, तर वाचकांनाही कुठल्या शब्दांतून काय निघाले हे ताडून पाहता येईल.

त्या ज्येष्ठ वाचकांचे नाव परीक्षक म्हणून मी आयोजकांना सुचवले आहे. कथा नीट मुरली आहे की नाही याची ज्यांना इतकी काळजी आहे, ते बारा जणांना दहा-दहा ओळी लिहिण्याचा कंटाळा करणार नाहीत, असे वाटते.

आपली विश्वासू,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर